घोरदरीचं अर्धं कार्ड

१

“कान कापलाय माझ्या लेकराचा.”

बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेली बाई हे मला सांगत नव्हती. ती स्वतःशीच कुरकुरत होती, भाजीत मीठ जास्त पडल्यावर बाईमाणूस कुरकुरतं तशी. जिंतूरच्या स्टँडवर दुपारची गाडी लागायला अजून वेळ होता. मी तिकिटाचं मशीन मांडीवर घेऊन बसले होते. तिची नजर गेली तिकडं मीही बघितलं.

समोर खांबाला फ्लेक्स बांधला होता. वर आमच्याकडचे पुढारी भगवानराव हात जोडून उभे. खाली काळ्या चौकटीत एक तरुण पोरगा. फोटो घाईनं कापलेला, त्यात त्याचा डावा कान गेला होता. बाजूला मजकूर : ‘याने कार्ड घेतले नाही. तुम्ही ही चूक करू नका. खडकवाट शोध-बचाव पथक. कार्ड मिळण्याची ठिकाणे : १) बालाजी स्पोर्ट्स, जिंतूर २) गीताबाई नारळवाले, देवळाजवळ, चारठाणा ३) हरिओम दोरखंड भांडार, मानवत.’

“मेल्यावरबी उन्हात उभं केलंय,” ती म्हणाली. “सावलीला तरी बांधायचं.”

मग मी तिला ओळखलं. सुलाबाई. मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापते. तिचा नागेश येळवसच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी घोरदरीत घसरून पडला. पाय मोडला. तिसऱ्या दिवशी शेळ्या राखणाऱ्यांना सापडला, तेव्हा संपलेला होता. पण डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत तो जिवंत होता.

दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत. हे वाक्य गावानं ऐकलं, च्च च्च केलं, आणि चहा मागवला.

“बाई,” सुलाबाई आता मात्र माझ्याकडं वळली. “त्यानं कार्ड घेतलं व्हतं. कार्डाबिगर त्यो जाणारच नव्हता. घरात चपलाबी वळीनं मांडायचा. आन मी रोज ह्या खांबाखालून कामाला जायलेय. रोज लोक वाचायलेत, सुलाबाईचं पोरगं येडं व्हतं म्हणून.”

तिनं पदराखालून एक पिशवी काढली. “तुमी तिकीट बघून माणूस कुठनं आला ते सांगता म्हणं. हे बघा.”

मी बघितलं. येळवसच्या सकाळचं आठच्या गाडीचं जिंतूर–चारठाणा तिकीट. नव्या दोराचं वेटोळं. झाडापानांची नावं लिहिलेली वही. आणि रुमालात बांधलेला खोबऱ्याचा वाळका तुकडा. त्याच्या करवंटीला कुंकू लागलेलं.

“हे खोबरं आमच्या घरचं न्हाई,” ती म्हणाली. “आमी बुद्धाची माणसं, नारळ कुठं फोडताव?”

“आणि कार्ड?”

“पिशवीत न्हाई.”

“पिशवी तुम्हाला कोणी दिली?”

तिनं हनुवटीनं फ्लेक्सकडं खूण केली. वरच्या फोटोकडं. “त्यांनी. दोन दिवस ठिवून घेतली, मग दिली.”

२

कार्डाची रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

जिंतूरच्या डोंगरांत हल्ली लय लोक यायला लागलेत. कोणी पाखरं बघतं, कोणी जुन्या वाटा शोधतं, कोणी नुसतंच बूट घालून फिरतं. घोरदरीत मोबाईल लागत नाही. म्हणून भगवानरावांनी पथक काढलं आणि कार्ड काढलं. कार्डावर नारिंगी जाकिटातल्या आठ गड्यांचा फोटो. डोक्याला टोप, खांद्यावर दोर. त्यातला तिसरा आमच्या डेपोचा मेकॅनिक नागनाथ. त्याला बसच्या टपावर चढायचं म्हटलं तरी घाम फुटतो. पहिल्यांदा कार्ड बघून मी हसले होते. नुसती हसले होते.

कार्डाचे दोन तुकडे. वरचा जाणाऱ्याच्या खिशात. खालच्यावर दुकानदार त्याचं नाव, वाट आणि तारीख लिहितो आणि तारेला टोचून भिंतीला टांगतो. माणूस परतला की तुकड्यावर फुली. सूर्य मावळला आणि फुली पडली नाही, तर दुकानदारानं भगवानरावांना फोन करायचा आणि फोनची वेळ तुकड्याच्या पाठीवर लिहायची. मग पथक निघणार.

म्हणजे नागेशला ज्यानं कार्ड विकलं, त्याच्या भिंतीवर तो तुकडा लटकत होता. तीन दुकानं. त्यातला एक जण खोटं बोलत होता.

मी तीन दिवसांची रजा टाकली. डेपोवाल्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कान दुखायलाय.

बालाजीचं दुकान स्टँडसमोरच. बॅटी, जाळ्या, बूट. पोरगा गोड बोलतो, म्हणून मला आधी त्याचाच संशय आला.

“काकू, आईची शप्पथ,” तो म्हणाला. “नागेश आदल्या दिवशी आला व्हता, बुटाच्या नाड्या घ्यायला. कार्ड घे म्हणलं तर म्हणला, उद्या घेतो, जायच्या वाटंवर.”

“आणि उद्या?”

“उद्या येळवस! दुकान कोण उघडतंय? तुमीच तर आमच्या शेतातल्या कोपीत बसून भज्जी खाल्ली की. आंबिलीचे दोन तांबे प्यालाव, इसरलाव का?”

विसरले नव्हते. आमचं शेत त्यांच्या बांधाला लागून आहे. सूर्य उगवायच्या आधीपासून दिवस कलेपर्यंत बालाजी माझ्या डोळ्यासमोर होता, आणि बराच वेळ तोंड भरलेला होता. तो सुटला.

निघताना मी कार्डावरचा फोटो त्याच्यापुढं धरला. “हे डोक्यावरचे टोप कुठले रे? ओळखीचे वाटायलेत.”

बालाजीनं फोटो उलटा करून ठेवला.

“क्रिकेटचे हायत,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “माझ्याच दुकानातले. काकू, जाऊ द्या ना.”

३

मानवतला हरिओमच्या दुकानात शिरलं की काथ्याचा वास नाकात बसतो. कापसाच्या गठड्यांचे दोर, बैलांचे कासरे, विहिरीचे सोल. हरिओम गादीवर बसून सुतळीचा गुंता सोडवत होता.

नागेशच्या पिशवीतलं वेटोळं त्यानं लगेच ओळखलं. “माझंच हाय, ताई. येळवसच्या चार दिस आधी नेलं. पोरगं दोर घेतं कसं तेच बघत ऱ्हायलो मी. वावभर खेचून बघितला, गाठ मारून बघितली. कार्डबी दावलं. तर म्हणला, काका, चढ चारठाण्याकडनं हाय. माझा तुकडा मानवतच्या भिंतीला टांगून काय उपेग? मी आलो न आलो तुमाला कसं कळायचं?”

हे मला पटलं. वळीनं चपला मांडणारं पोरगं असाच विचार करणार. शिवाय खोबरं होतं. अमावस्येला दुकानदार उंबऱ्यावर नारळ फोडतात आणि समोर जो उभा असेल त्याच्या हातावर तुकडा ठेवतात. त्याची जात बघत नाहीत, त्या एका क्षणापुरती तरी. नागेशला ते खोबरं येळवसच्याच दिवशी मिळालं होतं, आणि सकाळी आठला जिंतूरहून चारठाण्याच्या गाडीत बसलेला माणूस मानवतला असू शकत नाही.

हरिओम सुटला. मी उठले.

“फोटोतला दोरही तुमचाच का?” मी सहज विचारलं.

“माझाच. सकाळी नेला, दुपारी आणून दिला. येटोळ्याचा बंदसुदीक सोडला नव्हता.” त्यानं सुतळीचा गुंता परत हातात घेतला. मग म्हणाला, “त्या पोराला तीन दुकानं कोणी सांगितली म्हायती हाय का? मी इचारलं व्हतं. म्हणला, गाडीतल्या कंडक्टर मावशीनं.”

त्या मार्गाला बाई कंडक्टर एकच आहे.

माझ्याबरोबर आलेली सुलाबाई बाहेर ओट्यावर बसली होती. “काय म्हणले ओ?” तिनं विचारलं.

“दोर इथलाच,” मी सांगितलं. एवढंच सांगितलं.

४

चारठाण्याच्या जुन्या देवळाच्या वाटेवर गीताबाईंचं दुकान. नारळ, हार, उदबत्ती, आणि हारांच्या शेजारी दोऱ्याला लटकवलेली कार्डं. माझ्या गाडीनं त्या हजार वेळा गेल्या असतील. मला बघून त्यांनी तोंडभर हसायला सुरुवात केली. मागं सुलाबाई दिसली, आणि हसू अर्ध्यावर थांबलं.

“येळवसला माझं दुकान बंद व्हतं,” आम्ही काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या.

अमावस्येला देवळासमोरचं नारळाचं दुकान बंद! पोळ्याला बैल कोंडून ठेवावा तशी ही गोष्ट. मी नुसतं “पाणी देता का?” म्हटलं. त्या आत गेल्या, आणि मी भिंतीवरची तार खाली घेतली.

तिकिटं मोजण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. कागदाची चळत बोटाखालून गेली की वेगळा कागद आपोआप हाताला लागतो. सगळ्या तुकड्यांवर नावं होती, वाटा होत्या, फुल्या होत्या. तीन तुकडे मात्र वेगळे. त्यांच्यावर नावाच्या जागी नुसतं ‘श्री’. पहिल्या दोघांवर फुली. तिसऱ्यावर फुली नाही. वाट : घोरदरी. तारीख येळवसची.

मी तो उलटा केला. पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘७. ८. सकाळी ६.’

गीताबाई तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

“त्या गाड्यांच्या येळा हायत,” त्या म्हणाल्या.

“गीताबाई, चारठाण्याला संध्याकाळी सातची गाडी नाही. आठचीही नाही. हे तुम्ही मला सांगताव?”

समोर कॅलेंडर होतं. अमावस्येच्या तारखांवर काळे ठिपके. मी पहिल्या दोन ‘श्री’च्या तारखा शोधल्या. दोन्हींवर ठिपका. येळवसवर तर असायचाच.

“फक्त अमावस्येलाच तुम्ही नाव लिहीत नाही,” मी म्हटलं. “का?”

गीताबाई पोत्यावर बसल्या.

“अमावस्येला जित्या माणसाचं नाव कागदावर लिहून, टोचून, टांगू?” त्या म्हणाल्या. “लिंबू-मिरचीच्या शेजारी? करणी करणारे काय येगळं करत्यात? मला वाटलं पोरगं चांगलं हाय, त्याच्या वाईटाला आपण कशाला कारण व्हावं. देवाचं नाव लिवलं. नारळ फोडला, पयला तुकडा त्याच्याच हातावर ठिवला. घे बाबा, म्हणलं, लांब जायलास.”

सुलाबाईनं रुमालातलं खोबरं काढलं आणि दुकानाच्या फळीवर ठेवलं.

“म्हणजे तुम्ही कार्ड विकलं,” मी म्हटलं. “सूर्य मावळला, फुली पडली नाही. तुम्ही सातला फोन केला. आठला केला. सकाळी सहाला केला. तुम्ही तर सगळं बरोबर केलं. मग लपवलं का?”

“भगवानराव म्हणले, नाव नसल्याला तुकडा म्हंजे कार्डच न्हाई. तुज्यामुळं पोरगं मेलं. तोंड उघडलंस तर तूच आत जाशील.”

“आणि फोनवर? त्या रात्री फोनवर काय म्हणाले?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुलाबाईकडं बघितलं. मग उठून शटरला हात घातला.

“ते मला इचारू नका, अक्का. बाकी काईबी इचारा.”

शटर खाली आलं. भर दुपारी.

५

ताडकळसच्या आठवडी बाजारात मांडव घातला होता. कार्ड मिळण्याचं चौथं ठिकाण. ताडकळसला डोंगर म्हणावा असा एक उकिरडासुद्धा नाही, पण उद्घाटनाला डोंगर लागत नाही, फीत लागते. जुन्या तिन्ही दुकानदारांचा सत्कार होता. बालाजी, हरिओम, गीताबाई खुर्च्यांवर ओळीनं बसलेले. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ.

भगवानराव माईकवर होते. “माणसाचा जीव मोलाचा आहे! कार्ड घ्या, निर्धास्त जा! आमचं पथक चोवीस तास सज्ज आहे!” मागच्या कापडावर तेच आठ गडी. कोपऱ्यात काळ्या चौकटीतला नागेश.

मी सुलाबाईचा हात धरून थेट पुढं गेले. कंडक्टरला गर्दीतून वाट काढायला शिकवावं लागत नाही.

“भगवानराव, ह्या पोरानं कार्ड घेतलं होतं.”

“केशरबाई, हा कार्यक्रम चालू आहे.”

“चालू द्या. मी उभ्यानंच बोलते.”

आणि मी बोलले. आठच्या तिकिटाचं सांगितलं. दोराचं सांगितलं. कुंकू लागलेल्या खोबऱ्याचं, तीन काळ्या ठिपक्यांचं, तीन ‘श्रीं’चं सांगितलं, शटर पडलं तेव्हा माझ्या हातातच राहिलेला तिसरा तुकडा वर धरला. बाजार गोळा झाला. कोथिंबिरीच्या जुड्या हातात धरून माणसं उभी राहिली.

“नाव नाही तर कार्ड नाही,” भगवानराव शांतपणे म्हणाले. “नियम आहे. ही बाई कोणाचाही तुकडा दाखवील. वरचा अर्धा कुठं आहे?”

“तेच मी तुम्हाला विचारते. पिशवी दोन दिवस तुमच्याकडं होती.”

“पुरावा आहे?”

माझ्याकडं नव्हता. त्यांना ते माहीत होतं. माईकपुढं उभे राहून ते किंचित हसलेही. मी त्या हसण्याकडं बघत असताना बाजूला काहीतरी गडगडलं.

गीताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मांडीवरचा नारळ मांडवात लोळत गेला.

“मी नाव सांगितलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “कागदावर न्हाई लिवलं, फोनवर सांगितलं. तुमी इचारलं, कोण हाय. मी म्हणलं, सुलाबाईचा नागेश, घोरदरीत गेलाय, आला न्हाई. तुमी म्हणलाव, पथक निघालं. आठला परत केला. तुमी म्हणलाव, पथक पायथ्याला हाय. सकाळी सहाला केला. तुमी म्हणलाव, पथक दरीत उतरलंय, आता सारखा फोन करू नको.” त्यांनी शाल काढून खुर्चीवर टाकली. “मी पोलिसाला सांगणार व्हते ओ. गावातली पोरं घेऊन जाणार व्हते, बत्त्या घेऊन. पर पथक निघालंय म्हणलं तर बसून ऱ्हायले. दुसऱ्या दिशी दुपारपतोर बसून ऱ्हायले.”

दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत.

भगवानरावांनी घाम पुसला. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, तेलात बुडवल्यासारखा. “गैरसमज झाला. आपण मोठ्या मनानं मान्य करू. कार्ड होतं. बालाजी, जिंतूरचा फ्लेक्स आजच उतरव. इथला फोटोही काढा. सुलाबाई, झालं समाधान? या, खुर्चीवर बसा. ह्यांना शाल द्या रे.”

आणि मी खरं सांगते, मांडवातली सगळी माणसं सुटल्यासारखी झाली. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. हरिओमनं श्वास सोडला. बालाजी लगबगीनं कापडावरचा फोटो काढायला उठला. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते आम्हाला मिळालं होतं. मलाही क्षणभर वाटलं, चला, मिटलं.

सुलाबाई बसली नाही.

“फोटो काढताव, बरं करताव,” ती म्हणाली. “माझ्या लेकराची चूक नव्हती, एवढं चारचौघांत आलं. आता एकच सांगा. सातला पथक निघालं. आठला पायथ्याला. सकाळी दरीत. पायथ्यापासून माझं पोरगं हाकंच्या अंतरावर व्हतं म्हणून शेळ्यावाले सांगत्यात. मग पथकाला सापडलं कसं न्हाई? कोणत्या वाटंनं गेलं पथक? त्यातला एक गडी मला दावा. एकच. त्याला मी इचारते, माझ्या लेकराची हाक ऐकू आलती का.”

भगवानराव माईकची तार गुंडाळायला लागले.

ती बालाजीकडं वळली. बालाजी हातातल्या फोटोकडं बघत राहिला. ती हरिओमकडं वळली. त्यानं शालीचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. गीताबाईंनी तोंडावर पदर घेतला. बाजारातली माणसं पांगायला लागली. एकदम आठवलं त्यांना, वांगी घ्यायची राहिलीत, मेथी घ्यायची राहिलीय. इतका वेळ सगळ्यांना तोंड होतं. नेमकं आता नव्हतं.

मग ती माझ्याकडं वळली. “बाई, तुमी तरी सांगा. तुमाला समदं कळतंय.”

मला बालाजीचा राग आला होता, हरिओमचा आला होता, ह्या माणसाचा तर सगळ्यात जास्त. पण ती माझ्याकडं बघत होती, आणि माझ्या मागं बघायला आता कोणी उरलं नव्हतं.

“सुलाबाई,” मी म्हटलं, “पथक न्हाई.”

“म्हंजे?”

“पथकच न्हाई. कधीच नव्हतं. आठ माणसं फोटोपुरती उभी केली, दुपारी घरी गेली. हे बालाजीला म्हायती हाय, हरिओमला म्हायती हाय, निम्म्या जिंतूरला म्हायती हाय. नागेशनं गाडीत मला इचारलं व्हतं, मावशी, कार्ड कुठं मिळतं. मी तिन्ही दुकानं सांगितली, पत्त्यासकट. आन ते सांगत व्हते तवा मलाबी म्हायती व्हतं.”